निम्मं क्षेत्र 'अतिशय योग्य' येतंय, नकाशात नेमकं काय बिघडलंय?

ओढा_शोधक: कोरड्या भागातल्या एका पाणलोटात वॉटर हार्वेस्टिंगच्या जागा शोधतोय, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पाऊस, उतार, माती, जमिनीचा वापर आणि ओढ्यांचं जाळं असे थर घेतले, एएचपीने (दोन-दोन थरांची तुलना करून महत्त्व ठरवायची पद्धत) वेटेज काढलं, कन्सिस्टन्सी रेशो (त्या तुलनांमधली विसंगती सांगणारा आकडा) ०.१ च्या आत आहे. तरी निम्मं क्षेत्र 'अतिशय योग्य' दाखवतंय 😅 रनऑफ (वाहून जाणारं पाणी) वार्षिक सरासरी पावसावरून कर्व्ह नंबरने (माती आणि जमिनीच्या वापरावरून ठरणारा आकडा) काढलाय. वेटेज बदलून बघू का?

मातीपरीक्षक: तो रेशो ०.१ च्या आत म्हणजे तुमची मतं एकमेकांना छेद देत नाहीत एवढंच, ती बरोबर आहेत असं काही नाही. वेटेज राहू द्या, आधी सांगा जागा कशासाठी हवीये? शेततळ्याला तळाशी चिकणमाती लागते, पाणी टिकायला, आणि पाझर तलावाला नेमकं उलटं, खाली मुरलं पाहिजे. म्हणजे एकच माती एकाला फर्स्ट क्लास आणि दुसऱ्याला नापास, दोन्ही एकाच नकाशात कोंबल्यावर काय हाती लागणार? प्रत्येक कामाचा नकाशा वेगळा करा. आणि वेटेड ओव्हरलेमध्ये (वेटेजप्रमाणे थरांचे मार्क एकत्र करताना) उताराचे चांगले मार्क खराब मातीला झाकून टाकतात, म्हणून वस्ती, क्षारपड जमीन वगैरे आधीच मास्क करून बाहेर काढा.

पावसाळी_ढग: वार्षिक पाऊस कर्व्ह नंबरच्या सूत्रात टाकताच येत नाही हो, ते एकेका पावसासाठी आहे. कर्व्ह नंबर ८० धरला तर एस (जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते) येतो ६३.५ मिमी आणि त्याचा ०.२ पट म्हणजे १२.७ मिमी, तेवढा पाऊस पडेपर्यंत रनऑफ शून्य. ४० मिमीच्या एका पावसात जेमतेम ८ मिमी वाहतं. तेच ४० मिमी चार दिवसांत १०-१० करून पडले तर काहीच नाही! आणि सूत्रात थेट ३०० मिमी टाकलेत तर २३० च्या आसपास येईल, कोरड्या भागात एवढं पाणी वाहत असतं तर हा धागाच निघाला नसता. रोजचा पाऊस घ्या, चर्प्स या उपग्रहावर आधारित पावसाच्या डेटात १९८१ पासूनचा मिळतो, पण त्याचा सेल (नकाशातला एक चौकोन) साधारण ५ किमीचा आहे, ३० मीटरच्या सेलमध्ये तोडून रीसॅम्पल केलात म्हणून त्यात जास्तीची माहिती येत नाही.

ओढा_शोधक: ओके, रोजचा पाऊस घेऊन परत चालवतो. डीईएम (जमिनीच्या उंचीचा नकाशा) एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेला, ३० मीटरचा आहे, सिंक फिल करून (खळगे भरून) घेतलेत, ते चालेल ना?

मातीपरीक्षक: ओढे काढायला फिल केलेला लागतोच. पण तळ्यासाठी नैसर्गिक खोलगट जागा हव्या असतील तर त्या फिलने बुजवल्या ना! फिल केलेल्यातून मूळ डीईएम वजा करा, खोलगट भाग दिसतील. सपाट भागात मात्र जपून, एसआरटीएमची उंचीच काही मीटर इकडेतिकडे असते, मीटरभराचा खळगा निव्वळ नॉइज असू शकतो.

पावसाळी_ढग: मोठा पाऊस झाला की त्यानंतरची सेंटिनल-२ या उपग्रहाची ढग नसलेली इमेज शोधा आणि एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा निर्देशांक) काढा, हिरवा आणि निअर इन्फ्रारेड दोन्ही बँड १० मीटरचे आहेत. पाणी कुठे थांबलंय ते कळेल, मग आधीपासून असलेली तळी आणि बांध तुमच्या 'योग्य'मध्ये किती पडतात तेही मोजा. फक्त त्यातली किती कोरडी पडलेली किंवा गाळाने भरलेली आहेत ते जागेवर जाऊनच कळणार, चुकीच्या जागी बांधलेलं तळंही नकाशावर तळंच दिसतं.