मुलाने घरीच पाण्यातून ऑक्सिजन काढायला घेतलाय, बाटलीचं काय करू?

कुर्टीची_आई
मुलगा नववीत आहे. सासऱ्यांची फुफ्फुसं कमजोर, रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो, आणि पावसात वीज गेली की आमची धावपळ. ते बघून पोराने मनावर घेतलं की आजोबांसाठी ऑक्सिजन आपणच करायचा.

काल मागच्या पडवीत बघते तर बरणीत मीठपाणी, त्यात स्टीलचे दोन चमचे, जुन्या लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरी सोलून जोडलेल्या, वरून नळी दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीत. पाणी हिरवट-पिवळं झालंय आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर येतो तसला वास. मी बटण बंद केलं, बाकी सगळं तसंच आहे. पोर रडवेलं झालंय. नुसतं ओरडायचं नाही, कारण नीट सांगायचं आहे.

वायरमन_डिचोली
ताई, बटणावर थांबू नका, प्लग भिंतीतून काढा. चार्जर जुना असेल तर आतलं इन्सुलेशन कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि पडवीतली लादी पावसात ओलीच असते. काही व्हिडिओत डायोड लावून थेट 230 व्होल्ट पाण्यात सोडतात. तसलं त्याने बघितलंय का, आजच विचारा. मी इन्व्हर्टर बसवतो. पाण्यातून वीज गेली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात; चार्ज होताना त्याच्या बॅटरीतूनही हेच दोन वायू निघतात, म्हणून बंद कपाटात बॅटरी ठेवायला मी साफ नकार देतो.

निवृत्त_लॅबवाला
ताई, आधी बाटली. शेगडी, समई, अगरबत्ती सगळं विझवा. बाटली न दाबता, न हलवता अंगणात सावलीत न्या. उन्हात नको, कारण वास मिठातून निघालेल्या क्लोरीनचा आहे आणि हायड्रोजन-क्लोरीनचं मिश्रण कडक उन्हानेही भडकू शकतं. नळी काढा, तोंड वर करून उघडी ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन तासभर लांब राहा. काडी लावून कोणी बघायचं नाही. बरणीतलं पाणी विहिरीकडे किंवा कुळागरात (बागेत) ओतू नका. स्टीलमधलं क्रोमियम त्यात उतरलेलं असतं, आणि त्याचं एक रूप फार विषारी आहे. हातमोजे घालून प्लास्टिकच्या डब्यात बंद करा आणि शाळेतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा.

आता पोराला सांगायचं कारण. गॅस सिलिंडरचा वायू हवेत साधारण 2 ते 10 टक्के असेल तरच पेटतो. हायड्रोजन 4 ते 75 टक्के, म्हणजे जवळजवळ कसाही. त्याला ठिणगीही लागते ती टेरिकॉटचा शर्ट काढताना चट्‌ वाजते तेवढी. आणि एकाच बाटलीत हायड्रोजन-ऑक्सिजन दोन्ही आले की त्याला बाहेरची हवा लागतच नाही, सगळं एका क्षणात पेटतं.

मी हे हातावर घेतलेलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका शाळेत, तास सुरू व्हायच्या घाईत मी दोन्ही वायू एकाच परीक्षानळीत घेतले. 50 मिलिलिटरसुद्धा नसेल. काडी जवळ नेली. आवाज आठवत नाही. आठवतं ते हे की चिमट्यात नळीच्या गळ्याची नुसती कडी उरली होती आणि तळहातात भाताच्या तुसाएवढ्या काचा होत्या. एक काच तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या उघड्या वहीवर पडलेली. चार बोटं वर गेली असती तर डोळ्यात. ती वही मला अजून दिसते. तुमची बाटली त्या नळीच्या 40 पट आहे.

आजोबांसाठी म्हणाल तर त्याला हिशोब करू द्या. 1 अ‍ॅम्पिअर तासभर वाहिला तर ऑक्सिजन मिळतो पाव लिटरहूनही कमी. आजोबांचं यंत्र मिनिटाला 5 लिटर देत असेल, तर पाण्यातून तेवढा काढायला 1300 अ‍ॅम्पिअरच्या वर लागतील. यंत्र पाणी फोडत नाही, हवेतला नायट्रोजन गाळून काढतं. आणि मीठपाण्यातून निघालेला वायू त्या फुफ्फुसांत गेला असता तर क्लोरीनने काय केलं असतं, हे त्याला हळूच सांगा.

प्रयोगाची हौस मोडू नका. 9 व्होल्टची बॅटरी, चिमूटभर धुण्याचा सोडा, पेन्सिलीची दोन शिसं, पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या दोन वेगळ्या परीक्षानळ्या. एका नळीत दुप्पट वायू जमतो, डोळ्यांना दिसतं. साठवायचं काही नाही, पेटवून बघायचं ते शाळेत, शिक्षकांसमोर.

कुर्टीची_आई
बाटली जांभळीखाली उघडी ठेवली, डबा सोमवारी शाळेत नेणार. हिशोब त्याने स्वतः केला, 1300 पाटीवर लिहून बराच वेळ बघत बसला. मग विचारतो, वीज गेल्यावर आजोबांचं काय?

वायरमन_डिचोली
बरोबर विचारलंय. 5 लिटरचं यंत्र साधारण 350 वॅट खातं, पण यंत्राच्या मागे लावलेल्या पट्टीवरचा आकडा बघून घ्या. 150 एएच (अ‍ॅम्पिअर-तास) क्षमतेच्या चांगल्या इन्व्हर्टर बॅटरीवर तीनेक तास निघतात. त्यापुढे डॉक्टरांना विचारून छोटा सिलिंडर घरात ठेवा.

निवृत्त_लॅबवाला
सिलिंडर आणलात तर त्याच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लागू देऊ नका, ऑक्सिजनमध्ये तेल सहज पेट घेतं. आजोबांच्या खोलीत समई असेल तर ती दुसऱ्या खोलीत हलवा. नळी लावलेली असताना नाकाला बामही नको.

कुर्टीची_आई
समई त्यांच्या उशाशीच होती. आत्ता देवघरात नेली. देव बरें करूं.