मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात प्रत्येक कंटेनर स्कॅन झालाच पाहिजे

बाळीवेसकर:
सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास 3000 किलो हेरॉईन पकडलं. कागदावर टाल्कचे दगड. माल अफगाणिस्तानचा, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला. त्याआधी 2020 ला न्हावा शेवात 191 किलो सापडलं, बांबूसारख्या रंगवलेल्या पाइपांत. बहुतेक कंटेनर कागदपत्रांवरून जोखीम ठरवून न उघडताच सोडतात. हे बंद करा. खर्च सरकारने सोसावा. पोरं वाया चालली आहेत.

केळीवाला, कंदर:
अजिबात सहमत नाही. आमची केळी 13 अंशांवर कंटेनरमध्ये भरतात, सील ठोकतात, सीलचा नंबर कागदावर चढतो. बंदरात संशय आला की दार उघडून खोकी बाहेर काढतात. तापमान चढलं की केळी वाटेतच पिकायला लागते आणि आखातातला व्यापारी भाव पाडतो. भुर्दंड शेतकऱ्यालाच ना? आणि अमेरिकेने 2007 ला शंभर टक्के स्कॅनिंगचा कायदा केला, 2012 ची मुदत ठेवली. अजून जमलेलं नाही त्यांना. शिवाय मुंद्र्याचा माल खबरीवर सापडला. माणसं वाढवा, खबरे वाढवा.

बाळीवेसकर:
दादा, नुकसान खरं आहे, भरपाई मिळायलाच हवी. पण फळांचा कंटेनर म्हणून सूट देता येणार नाही. ऑक्टोबर 2022 ला न्हावा शेवातच दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या सफरचंदांत 50 किलो कोकेन निघालं. स्कॅनिंगला दार उघडावं लागत नाही, एक्स-रेच्या चित्रात काही खटकलं तरच उघडायचं.

केळीवाला, कंदर:
ती आयात होती. आमचा माल बाहेर जातो. दोन्हीला एकच नियम कशाला?

शिफ्टवाला, चिंचोळी:
कारण बाहेरही जातं! एप्रिल 2016 आठवा. आपल्या सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीत ठाणे पोलिसांना टनावारी इफेड्रिन, म्हणजे नशेच्या मालाचं कच्चं रसायन, सापडलं. ते केनियाला पाठवायचा बेत होता, असं पोलिसांनीच सांगितलं.
पण बाळीवेसकर, तुमच्याशीही माझं पटत नाही. ऑक्टोबर 2023 ला याच चिंचोळीत मुंबई पोलिसांनी एमडीचा (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा) कारखाना पकडला. ती पावडर विकायला बंदर लागत नाही, हायवे पुरतो. बंद युनिट भाड्याने जातं, रात्रभर एक्झॉस्ट चालतो, वास सुटतो, आणि विचारायला कोणी फिरकत नाही. दोन्ही वेळा धाड घालायला बाहेरचे पोलीस आले, याचं मला जास्त वाईट वाटतं. आधी इथल्या प्रत्येक केमिकल युनिटचा कच्चा माल आणि तयार माल दर महिन्याला ताडून बघा.

बाळीवेसकर:
ते कराच, माझी हरकत नाही. पण हेरॉईन आणि कोकेन चिंचोळीत बनत नाही. ते बाहेरून येतं, समुद्रातूनही येतं. स्कॅनरची मागणी मी सोडणार नाही.

केळीवाला, कंदर:
मग आयातीपुरती करा. आणि निर्यातीचा कंटेनर उघडून काहीच निघालं नाही, तर किती दिवसांत कोण पैसे देणार, ते त्याच आदेशात लिहून घ्या. तेवढं असेल तर मीही या मागणीवर सही करतो.