मदत हवी आहे: रोमान्स कॉमिक्समधल्या आजारी नायिका
जुन्या अमेरिकन रोमान्स कॉमिक्समधल्या आजारपणावर लिहितेय. १९४७ च्या ‘यंग रोमान्स’पासून ही लाट आली. १९६१ मध्ये टीव्हीवर ‘डॉ. किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’ या डॉक्टरांवरच्या मालिका गाजू लागल्या, त्याच वर्षी मार्व्हलचं ‘लिंडा कार्टर, स्टुडंट नर्स’ निघालं. पुढे डीसीच्या ‘यंग लव्ह’मध्ये नर्स मेरी रॉबिन आली. पांढऱ्या टोपीखाली डबडबलेले डोळे, शेजारी मनातलं सांगणारा फुगा, ही चौकट मला फारच आवडते! पण इथे सगळं नर्सच्या नजरेतून. मला क्षय, पोलिओ किंवा अंधत्व आलेली नायिका स्वतः बोलते अशा कथा हव्यात, शक्यतो १९५४ च्या कॉमिक्स कोडच्या, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या सेन्सॉर-नियमांच्या, आधीच्या. कुणी वाचल्यात का? कथेचं नाव आणि अंक क्रमांक कळवलात तरी पुरे.