प्रवर्धक व शोषक थरांच्या जोडीचे परावर्तन दोन्ही बाजूंनी वेगळे का येते?

प्रश्न
समान जाडीचे दोन थर एकमेकांना लागून आहेत. दोघांच्या अपवर्तनांकाचा वास्तव भाग सारखा आहे, तर काल्पनिक भाग समान मूल्याचा पण विरुद्ध चिन्हाचा आहे. म्हणजे एक थर प्रकाश जितका वाढवतो तितकाच दुसरा शोषतो. एका वारंवारतेला पारगमन दोन्ही बाजूंनी ०.८ येते, मात्र परावर्तन एका बाजूने ०.४ आणि दुसऱ्या बाजूने ०.१ येते. लाभ व हानी समान असताना पारगमन व परावर्तन यांची बेरीज १ का होत नाही? परस्परतेचा नियम येथे मोडतो का?

उत्तर १
नियम मोडत नाही. परस्परता दोन्ही दिशांचे पारगमन समान ठेवते. दोन बाजूंच्या परावर्तनांची तुलना तिच्या कक्षेत येतच नाही. बेरजेचे म्हणाल, तर निव्वळ लाभ केवळ अपवर्तनांकावर नव्हे, तर प्रकाशाची तीव्रता कोणत्या थरात अधिक साठते यावर ठरतो, आणि पुढे जाणाऱ्या व परतणाऱ्या तरंगांच्या व्यतिकरणातून घडणारी ही वाटणी आपाती बाजू बदलताच बदलते. समता (आरशाप्रमाणे डावे-उजवे उलटणे) व कालविपर्यय (काळाची दिशा उलटणे, ज्याने लाभ व हानी यांची अदलाबदल होते) यांची संयुक्त सममिती असलेल्या, म्हणजे दोन्ही एकत्र केल्यावर जशाच्या तशा राहणाऱ्या, अशा एकमितीय रचनांसाठी गे, चाँग आणि स्टोन यांनी २०१२ मध्ये वेगळा अक्षय्यता नियम मांडला: पारगमन आणि १ यांतील फरक हा दोन्ही परावर्तनांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. आपले आकडे पाहा: ०.४ गुणिले ०.१ म्हणजे ०.०४, त्याचे वर्गमूळ ०.२, आणि १ वजा ०.८ म्हणजेही ०.२. आपले गणित अचूक आहे.

उत्तर २
या नियमाचा मला सर्वांत सुंदर वाटणारा परिणाम असा, की पारगमन नेमके १ असेल तेथे निदान एका बाजूचे परावर्तन शून्य व्हावेच लागते. अपवर्तनांकाचा वास्तव भाग कोसाइनप्रमाणे आणि काल्पनिक भाग तितक्याच आयामाच्या साइनप्रमाणे बदलणाऱ्या जाळीत (ठरावीक अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या रचनेत), ब्रॅग अटीजवळ, म्हणजे जिथे प्रत्येक आवर्तनातून परतणारे तरंग एकाच कलेत मिळतात तेथे, एका बाजूने परावर्तन जवळजवळ नाहीसे होते, तर दुसऱ्या बाजूने ते जाळीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उत्तर ३
एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. कार्यकारणभावामुळे, म्हणजेच अपवर्तनांकाचे वास्तव व काल्पनिक भाग सर्व वारंवारतांवर एकमेकांशी बांधणाऱ्या क्रेमर्स-क्रोनिग संबंधांमुळे, प्रत्यक्ष पदार्थात ही सममिती काही सुट्या वारंवारतांनाच तंतोतंत पाळली जाते. त्यामुळे काल्पनिक भाग स्थिर धरून काढलेला रुंद वर्णपट प्रयोगाशी ताडू नये. प्रत्येक वारंवारतेला दोन्ही थरांचे अपवर्तनांक पदार्थाच्या अपस्करण-प्रारूपातून (वारंवारतेनुसार अपवर्तनांक कसा बदलतो ते सांगणाऱ्या प्रारूपातून) घ्यावेत आणि वरील गुणाकाराचा नियम कोठे जुळतो ते तपासावे.