मदत हवी आहे: पालवी, अळ्या आणि घरट्यांच्या नोंदी ओपन डेटा म्हणून टाकायच्यात

नमस्कार मंडळी, आमचा ग्रुप बरीच वर्षं एकाच डोंगरावरच्या जंगलात नोंदी ठेवतोय, पालवी कधी फुटली, पानांवर अळ्या कधी दिसल्या, घरट्यात पिल्लं कधी होती वगैरे. आता हे सगळं जीबिफवर (GBIF, जगभरातल्या सजीवांच्या नोंदींचा खुला डेटाबेस) टाकायचंय, कुणालाही वापरता यावं म्हणून.

अडलंय ते घरट्यांच्या लोकेशनवर. दुर्मीळ पक्ष्याचे अचूक अक्षांश-रेखांश टाकले तर शिकारी आणि फोटोवाले दोघंही तिथे पोचणार, आणि फार ढोबळ केले तर उंचीचा परिणाम पुसला जातो, १ किमी वर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणजे संशोधकाला नेमकं हवं तेच जातं. तुम्ही किती ढोबळ करता? उंची वेगळ्या कॉलममध्ये दिली तर जागा ओळखता येईल का? लायसन्स मला सीसी बाय (CC BY, म्हणजे कुणीही वापरा पण श्रेय द्या) बरं वाटतं, नोंदी घेणाऱ्यांचं नाव राहायलाच हवं.

दुसरं म्हणजे लोकांना हे सांगायचं कसं. नेदरलँड्समधल्या पाइड फ्लायकॅचरचं उदाहरण घेणारे, तिथे वसंत लवकर यायला लागला, पिल्लांचं खाणं असलेल्या अळ्याही लवकर, पण आफ्रिकेतून येणारा हा पक्षी जुन्याच वेळेला पोचत होता, २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलंय ते. पण एका वर्षाचा आलेख दाखवला की लोक लगेच हवामान बदल म्हणून मोकळे होतात, आणि दर वर्षीचा चढउतार समजावायला गेलं की कंटाळतात. शाळेतल्या मुलांना हा फरक कुणी नीट समजावलाय का? कसा, ते प्लीज सविस्तर लिहा.