सात आठवड्यांत नोकरी सोडतेय, सरांना काय सांगू?

लॅबवाली_कळवा

नमस्कार. ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचे नमुने तपासणाऱ्या विभागात, लागून सात आठवडे झाले. मार्चमध्ये महापेच्या एका कंपनीत मुलाखतीचे दोन राउंड दिले होते. त्यानंतर तिकडून काहीच नाही, मेलला उत्तरही नाही. बाबा रिटायर झालेत, भावाचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, म्हणून जूनमध्ये रबाळ्याची मिळाली ती घेतली. आणि गेल्या मंगळवारी महापेचं ऑफर लेटर आलं. इथे हातात २४ हजार येतात, तिथे ३६ मिळतील. पैशांची गरज आहेच, पण तिथलं काम मेथड डेव्हलपमेंटचं आहे. इथे ठरलेल्या पद्धतीने रोज नमुने तपासायचे, तिथे ती पद्धतच बसवायची. कॉलेजपासून मला हेच करायचं होतं.

जायचं हे नक्की आहे. माझं अडलंय ते लॅबमध्ये मला काम शिकवणाऱ्या सरांपाशी.

एचपीएलसी हे नमुन्यातले घटक कॉलम नावाच्या नळीत वेगळे करून मोजणारं मशीन. त्यात पंपाने सोडायचं द्रावण म्हणजे मोबाईल फेज. दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडून ती नीट डिगॅस झाली नव्हती, म्हणजे तिच्यातली हवा पुरती निघाली नव्हती. एचपीएलसीचं प्रेशर वरखाली व्हायला लागलं, स्क्रीनवरची सरळ रेघ, म्हणजे बेसलाइन, थरथरायला लागली, सिस्टीम सुटेबिलिटी (मशीन कामाला योग्य आहे का याची चाचणी) तीनदा फेल. संध्याकाळचे सात वाजलेले. सर डब्याची पिशवी घेऊन दारापर्यंत गेले होते, ते परत आले आणि ॲप्रन चढवला. एक शब्द चढून बोलले नाहीत. ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून मोबाईल फेज पुन्हा गाळून घेतली, सोनिकेटरमध्ये ठेवायला लावली, पंप पर्ज केला. मग स्टूल ओढून म्हणाले, "आता बेसलाइन सरळ होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. बस इथे, बघत राहा." पाऊण तास दोघं स्क्रीनकडे बघत बसलो होतो. रात्री मला ठाण्याच्या गाडीत बसवून मगच ते घणसोलीला गेले.

क्वालिफिकेशन, म्हणजे काम बरोबर जमतंय का याची परीक्षा, पूर्ण झाल्याशिवाय आमच्याकडे नव्या ॲनालिस्टचा रिझल्ट धरत नाहीत. माझं गेल्या आठवड्यातच झालं. म्हणजे आत्ता कुठे मी त्यांच्या कामाची झाले, तर निघाले. त्यात ३ सप्टेंबरला ऑडिट आहे.

प्रोबेशनमध्ये नोटीस १५ दिवसांची आहे, महापेला १ सप्टेंबरला हजर व्हायचंय. म्हणजे अजून २३ दिवस आहेत. एक मैत्रीण म्हणते, आई आजारी आहे सांग. दुसरी म्हणते, काही सांगूच नको, पगार जमा झाला की जायचं बंद कर. मला दोन्ही जमणार नाही. पण खरं सांगितलं आणि रिलीव्हिंग लेटर अडवलं तर? आधी सरांना सांगू की एचआरला? आणि हे सात आठवडे बायोडेटात दाखवायचे का?

पगारपत्रक_ऐरोली

ताई, अकरा वर्षं पेरोल बघतोय. आधी महापेचं लेटर पुन्हा वाचा. मेडिकल किंवा मागच्या माहितीच्या पडताळणीची अट असेल तर ती उरकेपर्यंत इथे राजीनामा टाकू नका. ऑफर मागे घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा माणूस दोन्हीकडून जातो.

नोकरी लपवायचं मनातून काढून टाका. पीएफ कापला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची तारीख दिसते, नव्या कंपनीला ती कळतेच. सात आठवडे केलेत म्हणून कुणी नाकारत नाही, लपवलेत म्हणून नाकारतात.

राजीनामा मेलवर द्या, शेवटचा दिवस तारखेसकट लिहा, पोच मागा. नोटीस पूर्ण भरलीत की अडवायला कारण उरत नाही. ट्रेनिंगचा बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, लिहून दिलाय का, तेवढं सांगा. "बाँडला कोर्टात किंमत नाही" असं सांगणारे खूप भेटतील. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली आहे.

निघाल्यावर पीएफचे पैसे काढू नका, ट्रान्सफर करा. कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते.

गाळा_वागळे

बाळा, मी पलीकडच्या बाजूचा माणूस. वागळे इस्टेटला माझा टूलरूमचा गाळा आहे, आठ माणसं आहेत. चार वर्षांपूर्वी एक मुलगा सीएनसी मशीनवर तयार केला. एके दिवशी फोन आला, वडील सिरियस आहेत, कळव्याला ॲडमिट केलंय. संध्याकाळी मी आणि बायको डबा आणि पाच हजार रुपये घेऊन हॉस्पिटलला गेलो. तीन मजले फिरलो, त्या नावाचा पेशंट कुठेच नव्हता. घाबरून तसेच त्याच्या घरी गेलो, तर दार वडिलांनीच उघडलं. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. पोरगा रांजणगावला रुजू झाला होता.

जास्त पगारावर गेला याचा मला राग नाही, मीही तरुणपणी तेच केलं होतं. पण त्या दारात आम्ही तिघं जसे उभे होतो, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मेल करायच्या आधी तुझ्या सरांना भेट. सकाळी, काम सुरू व्हायच्या आत. कुठे आणि कशासाठी जातेस ते सांग, आणि जायच्या आधी काय काय पुरं करून देऊ, हे तूच विचार.

नेरूळ_पूर्व

मला हे पटत नाही. प्रोबेशनमध्ये काढायचं झालं तर कंपनीही १५ दिवसच देणार आहे. सर चांगले असतील, पण शिकवणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे. आधी एचआरला मेल करा, मग सरांना. नाहीतर "ऑडिट होऊ दे, मग बघू" म्हणतील आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

लॅबवाली_कळवा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाँड नाहीये. महापेची पडताळणी शुक्रवारी पूर्ण झाली, त्यांना हे सात आठवडेही सांगितले. मग सोमवारी पावणेआठलाच लॅबमध्ये गेले. सर बॅलन्सवर रोजचं वजन तपासत होते. आकडा स्थिर होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. लॉगबुकमध्ये नोंद केली, सही केली, मग म्हणाले, "बोल."

मी सगळं सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, ते दिसत होतं. थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "तिकडे कॉलम स्वतः निवडायला देणार का?" हो म्हटलं. "मग जा."

नेरूळवाले, तुमची भीती खरी ठरली, ऑडिटपर्यंत थांबशील का असं त्यांनी विचारलंच. पण मला ते ओझं वाटलं नाही. त्याच दुपारी महापेला फोन करून आठवडाभर मागितला, त्यांनी ८ सप्टेंबर दिली. राजीनाम्याच्या मेलवर शेवटचा दिवस ५ सप्टेंबर लिहिला, एचआरची पोचही आली.

औषध किती टिकतं ते बघायच्या स्टॅबिलिटी चेंबरमधले, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचे, तीन महिन्यांचे नमुने २५ तारखेला काढायचे आहेत. ते पूर्ण करून जाणार आहे. माझ्या जागी पनवेलची एक मुलगी येतेय. तिला डिगॅसिंग मी शिकवायचं, असं सरांनी सांगितलंय.