जंतांचे औषध देऊनही शेपटीखाली तांदळासारखे कण

माहीमकर:
आमच्या पाच महिन्यांच्या देशी पिल्लाला पायरँटेलचे जंतांचे औषध वेळच्या वेळी दिलेले आहे. तरीही गेल्या आठवड्यापासून त्याच्या शेपटीखाली आणि गोधडीवर तांदळाच्या दाण्यांसारखे, क्वचित वळवळणारे पांढरे कण दिसतात. खाणेपिणे व्यवस्थित आहे. औषध लागू पडले नाही असे समजावे काय? घरात तीन वर्षांचा मुलगा असल्यामुळे काळजी वाटते.

परळवासी:
वर्णनावरून हे पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यातील फितीसारख्या चपट्या जंताचे, सुटे झालेले खंड वाटतात. पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालते, पट्टकृमीवर नाही. त्यासाठी प्राझिक्वान्टेल लागते आणि त्याची मात्रा वजनावर ठरत असल्याने ती पशुवैद्यांकडूनच घ्यावी. जाताना एखादा कण डबीत घालून न्यावा, कारण या कृमीची अंडी विष्ठेच्या तपासणीत पुष्कळदा सापडतच नाहीत. मात्र हा कृमी बहुधा पिसवांमधून येतो. अंगाला खाज सुटली की कुत्रा दातांनी केस चावतो, त्या वेळी पिसू पोटात जाते आणि तिच्यातील अळीचा पुढे कृमी होतो. पिसवा तशाच राहिल्या, तर गोळी देऊनही सुमारे तीन आठवड्यांत हेच कण पुन्हा दिसू लागतील.

गिरगावकर:
पिसवांची अंडी, अळ्या व कोश कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर अंथरुणात, सोफ्यात आणि फरशीच्या फटींत असतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांना बाराही महिने अनुकूल. गोधडी गरम पाण्यात धुवावी. घरात मांजर असल्यास कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त (पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले) पिसवांचे औषध मुळीच आणू नये, ते मांजरांना विषारी ठरते.

शिवाजी पार्क:
मुलाला हा पट्टकृमी पिसू गिळल्याखेरीज होत नाही, त्यामुळे ती भीती फारशी नाही. गोल जंतांबाबत मात्र खबरदारी हवी, कारण त्यांच्या अळ्या माणसाच्या यकृतात, फुप्फुसांत आणि कधी डोळ्यांतही पोहोचतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच संसर्गक्षम नसतात, त्यासाठी साधारण दोन ते चार आठवडे लागतात. परंतु एकदा मातीत मिसळली की ती वर्षानुवर्षे टिकू शकतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि मैदानातून आल्यावर मुलाचे हात साबणाने धुवावेत. पिल्लांना हे जंत आईच्या पोटातच लागतात, तेव्हा कण दिसत नाहीत म्हणून पायरँटेलची पुढची मात्रा टाळू नये.

माहीमकर:
आभारी आहे. शेजारचे मांजर दिवसभर आमच्याच गोधडीवर असते, त्यामुळे औषध घेताना पर्मेथ्रिनविषयी आवर्जून विचारीन.